हाड किती भक्कम आहे ते विचार

अगं, कॅन्सर नाही हे डॉक्टरांनी तुला दोनदा सांगितलं, एमआरआयही झाला. ती भीती आता मनातून काढून टाक, नाहीतर पुढचं काहीच तुझ्या कानात शिरायचं नाही. अर्णवच्या दंडाच्या हाडात, खांद्याच्या जरा खाली, पाण्याने भरलेली एक पोकळी आहे. सिंपल बोन सिस्ट. साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत ती दिसते, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि बहुतेक वेळा दंडाच्या नाहीतर मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. ती दुखत नाही, बाहेरून दिसत नाही. पुष्कळ घरांत तिचा पत्ता लागतो तो हाड मोडल्यावरच. तुमच्याकडे खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला, त्यात खांदा आला आणि आधीच कळलं. आधी कळलं म्हणूनच तुझ्या जिवाला हा घोर लागलाय, हेही मला समजतं. हाड मोडणार का? आणि मोडणार असेल तर आत्ताच ओळखता येईल का?

यावर डॉक्टर मंडळी कित्येक वर्षं डोकं खपवतायत, आणि त्यांची उत्तरं बदलत गेली आहेत. ती कशी बदलली हे तुला ठाऊक असलं, तर कुणी घाईने ‘ऑपरेशन करून टाका’ म्हटलं किंवा कुणी ‘काही होत नाही’ म्हणून उडवून लावलं, तरी तू गडबडणार नाहीस.

1981 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी नॉनऑसिफाइंग फायब्रोमा नावाच्या गाठींचा अभ्यास केला. ती अर्णवची सिस्ट नव्हे, पण प्रश्न तोच, हाड मोडणार का. ही गाठ अगदी सर्रास सापडते, आणि बहुतेकदा मूल मोठं होताना आपोआप भरून निघते. ज्या मुलांचं हाड त्या गाठीतून मोडलं होतं, त्यांचे एक्स-रे पाहिले तर गाठीने हाडाची निम्म्याहून जास्त रुंदी व्यापलेली आणि लांबी 33 मिलिमीटरच्या वर. झालं, पट्टी लावून मोजायचा नियम तयार झाला. पण त्यात एक गोम होती. बघितली ती मोडलेली हाडं. तेवढीच मोठी गाठ घेऊन धावणारी, पडणारी, तरी न मोडणारी किती मुलं बाहेर आहेत, हे त्यातून कसं कळणार? 1997 साली दुसऱ्या दोन डॉक्टरांनी मोठ्या गाठींची मुलं तपासली, तेव्हा या मापाच्या पलीकडे गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना फ्रॅक्चर झालंच नव्हतं. नुसत्या पट्टीवर विसंबून त्यांची ऑपरेशनं केली असती, तर ती उगाचच झाली असती.

तुझ्या लेकाच्या सिस्टसाठीही असाच एक हिशोब आहे, सिस्ट इंडेक्स. सिस्टचं क्षेत्रफळ काढायचं आणि हाडाच्या मधल्या भागाच्या रुंदीच्या वर्गाने भागायचं. दंडाला आकडा 4 च्या वर गेला की धोका, असं 1989 पासून सांगत आले. पुढे 2007 साली एका अभ्यासाने साफ म्हटलं की यावरून फ्रॅक्चरचा अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे रिपोर्टवर कुणी हा आकडा लिहून दिला तर तो वाच, पण त्यावर रात्रीची झोप घालवू नकोस.

हे आडाखे चुकतात कशामुळे, ते नीट समजून घे. एक्स-रे म्हणजे सपाट चित्र. सिस्ट किती रुंद दिसते ते त्यात कळतं, पण तिच्याभोवती उरलेलं हाड किती जाड आहे, चारही बाजूंनी सारखं आहे की एकीकडे कागदासारखं झालंय, आणि ते हाड कसदार आहे की पातळ, हे धड कळत नाही. हाडाला मोडतो तो पीळ नाहीतर वाक, आणि दोन्ही झेलतं ते बाहेरचं कवच. वेळू आतून पोकळ असूनही इतका भार कसा सोसतो? त्याची सगळी ताकद कडेच्या भिंतीत असते म्हणून. त्यामुळे भिंत शाबूत असलेली मोठी सिस्ट एखाद वेळी निभावून जाते, आणि भिंत पोखरणारी लहान सिस्ट दगा देते.

बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमधले डॉ. ब्रायन स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच पकडलं. 2006 साली त्यांचा अभ्यास छापून आला. त्यांनी सिटी स्कॅनवरून हाडाच्या एकेका कापात किती हाड उरलंय, ते किती घट्ट आहे आणि मध्यापासून किती लांब आहे हे मोजलं, आणि त्यावरून ते हाड वाकायला नि पिळायला किती विरोध करेल याचा हिशोब मांडला. मग तुलना कशाशी करायची? वाढत्या वयाच्या मुलांची हाडं दर वर्षी बदलतात, कुठल्या कोष्टकात बसवणार? म्हणून त्यांनी त्याच मुलाचा दुसरा, निरोगी हात किंवा पाय घेतला. मला हे फार आवडलं गं. ज्याची हाडं, त्याचंच माप. गाठ असलेल्या बाजूची ताकद साधारण एक-तृतीयांशाहून जास्त घटली असेल तर धोका खरा, असा त्यांचा धडा, आणि एक्स-रेवरच्या आडाख्यांपेक्षा तो कितीतरी अचूक ठरला.

आता तू म्हणशील, ताई, हे सगळं आपल्या ओपीडीत कोण करून देणार? असं गणित मांडून हातात देतील असं नाही, पण प्रश्न तर विचारता येतात. पुढच्या वेळी जाशील तेव्हा कागदावर लिहून ने. भिंत सगळ्यात पातळ कुठे आहे? सिस्ट वाढीच्या पट्टीला, म्हणजे हाड जिथून लांब होतं तिथे, चिकटून आहे की खाली सरकलीय? चिकटलेली असेल तर ती अजून जोरात असते, नि उपचारानंतर परत होण्याची शक्यताही जास्त. आधीच्या एक्स-रेच्या मानाने ती वाढली का? सिटी काढायचा असेल तर तेवढ्याच भागाचा, मुलांच्या कमी डोसवर काढतील ना? किरणांचा विचार केलाच पाहिजे. दर तीन-चार महिन्यांनी लक्ष ठेवायला साधा एक्स-रे चालतो, सिटी पुन्हापुन्हा नको.

अंदाज चुकला तर काय, तेही बोलूया. दंडाचं हाड सिस्टमधून मोडलं तर ते बहुधा फार सरकत नाही. काही आठवडे हात झोळीत, आणि जुळतं. त्रास होतो, पण आयुष्य थांबत नाही. ‘मोडलं की सिस्ट आपोआप भरते’ असं कुणी सांगेल. भरते, पण थोड्याच मुलांची, त्यावर भरवसा नको. मांडीच्या हाडाच्या मानेत सिस्ट असती तर मी तुला वेगळंच बोलले असते. तिथे मोडलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून तिथे थांबून बघण्यापेक्षा आधीच आधार देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो, आणि तो बरोबर आहे. हातासाठी घाई नसते.

उपचार ठरलाच तर इंजेक्शनने स्टेरॉइड सोडतात. 1970 च्या दशकात इटलीत ही पद्धत रूढ झाली. 2008 साली स्टेरॉइड आणि बोन मॅरोची इंजेक्शनं अशी सरळ तुलना झाली, त्यात स्टेरॉइड सरस ठरलं, पण त्यानेही बरी झाली ती निम्म्याहून कमी मुलं. म्हणजे एकदा टोचलं की संपलं, असं मनात धरू नकोस. सिस्ट खरवडून हाड भरणं किंवा आत लवचीक सळ्या घालणं, हेही मार्ग आहेत.

घरातलं सांगते, कारण माझा जीव तिथे अडकतो. हाडांच्या वॉर्डात फिजिओथेरपी करताना माझ्याकडे दंडात अशीच सिस्ट असलेला एक मुलगा आला होता. घाबरलेल्या घरच्यांनी त्याला मैदानच तोडलं होतं. दप्तर बाबा उचलायचे, बुटाची नाडी आजी बांधायची. बाही वर केली तर तो दंड दुसऱ्यापेक्षा स्पष्ट बारीक, खांदा ताठरलेला, आणि पोरगं माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होतं. न वापरलेल्या हाताचं हाड आणखी विरळ होतं गं. ज्या भीतीपोटी जपलं, तिलाच बळ दिलं. अर्णवला कबड्डी, कुस्ती, झाडावर लटकणं आणि गोविंदाचा थर यांपासून सध्या दूर ठेव. पळणं, पोहणं, शाळेतली कवायत, यांतलं काय चालेल ते डॉक्टरांना विचारून पीटीच्या सरांना चिठ्ठी दे, म्हणजे ते त्याला कोपऱ्यात बसवून ठेवणार नाहीत.

आणि सासूबाई हाडवैद्याकडून चोळून घ्या म्हणाल्या, तर हात जोडून नाही म्हण. त्या हाताला जोराने चोळणं, ओढणं बिलकूल नको. ‘लहानपणी दूध पाजलं नाहीस’ असं कुणी बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस. ही सिस्ट दुधाने थांबत नाही नि नाचणीने भरत नाही. खाऊ घाल, ते त्याच्या वाढीसाठी.

त्याला रात्री झोपेतून उठवणारी कळ आली, दंड सुजला किंवा साध्या उचलाउचलीत दुखायला लागलं, तर तारखेची वाट बघू नकोस, हात झोळीत घे आणि त्याच दिवशी दाखव. आणि पुढच्या भेटीला अर्णवला बाहेर बाकावर बसवून आत जाऊ नकोस. नऊ वर्षांचा आहे तो. डॉक्टरांना म्हण, त्याचा एक्स-रे त्यालाच दाखवा, नि काय खेळायचं ते त्याला त्यांच्याच तोंडून ऐकू दे.