कर्णाचा स्वभाव

महाभारतातील कर्ण कसा होता, असे विचारले तर बहुधा एका शब्दात उत्तर मिळते : ‘दानशूर’. दुसरा कोणी म्हणतो, ‘तो दुर्योधनाचा सोबती, तेव्हा दुष्टच.’ तिसरा ‘बिचारा दुर्दैवी’ म्हणून हळहळतो. या तिन्ही उत्तरांना ग्रंथात आधार आहे. परंतु त्यांपैकी एकही पुरेसे नाही. फडताळातील बरणीवर चिठ्ठी चिकटवावी तशी माणसावर चिकटवता येत नाही, आणि थोर कवीने उभ्या केलेल्या माणसावर तर नाहीच नाही. तो माणूस काय बोलतो, काय करतो, कोणापुढे नमतो, कोणावर संतापतो, आणि त्याच प्रसंगी त्याच्या शेजारी उभा असलेला दुसरा माणूस कसा वागतो, हे सारे पाहिले म्हणजे त्याचा स्वभाव हळूहळू उलगडू लागतो.

कर्ण प्रथम मोठ्या थाटाने पुढे येतो तो आदिपर्वात. हस्तिनापुरात रंगभूमी सजली आहे. द्रोणाचार्यांचे शिष्य आपली अस्त्रविद्या दाखवीत आहेत व अर्जुनाचे कौशल्य पाहून प्रेक्षक थक्क झाले आहेत. इतक्यात प्रवेशद्वाराशी दंड थोपटल्याचा प्रचंड आवाज होतो, आणि जन्मजात कवचकुंडले ल्यालेला एक तेजस्वी तरुण आत येतो. अर्जुनाने जे जे केले ते ते सर्व तो करून दाखवतो व अर्जुनाला द्वंद्वाचे आव्हान देतो. तेव्हा कृपाचार्य त्याला त्याच्या आईबापांचे नाव व कुळ विचारतात. कर्णाची मान खाली जाते. पावसाने भिजून कलंडलेल्या कमळाशी कवीने त्याच्या मुखाची तुलना केली आहे. एका क्षणापूर्वी ज्याचे बाहू रंगभूमी गाजवीत होते, त्याला एका साध्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. त्याच क्षणी दुर्योधन पुढे होतो आणि त्याला अंगदेशाच्या राज्याचा अभिषेक करवतो. याच्या मोबदल्यात काय देऊ, असे कर्ण विचारतो. दुर्योधन म्हणतो, तुझी मैत्री दे.

दुर्योधनाच्या या औदार्यात स्वार्थ होताच. अर्जुनाला तोडीस तोड असा वीर त्याला हवा होता, आणि तो अनायासे समोर आला होता. परंतु भर सभेत अपमान झाला असता ज्याने हात दिला, त्याचा हेतू तपासून पाहण्याचे भान कोणाला राहते?

याच प्रसंगाचा पुढचा भाग फार हृदयस्पर्शी आहे. अभिषेक होतो न होतो तोच म्हातारा अधिरथ सारथी काठी टेकीत, घामाघूम होऊन, थरथरत रंगभूमीवर येतो. त्याचे उपरणेही खांद्यावरून घसरले आहे. त्याला पाहताच कर्ण हातातील धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकाच्या पाण्याने ओले असलेले आपले मस्तक त्याच्या पायांवर ठेवतो. म्हातारा संकोचून उपरण्याच्या पदराने आपले पाय झाकून घेतो आणि नव्या राजाला ‘बाळ’ म्हणून पोटाशी धरतो. सूतपुत्र म्हणून आपली हेटाळणी होणार, हे कर्णाला कळत नव्हते काय? भीमाने ती लगेच केलीही. तुझ्या हाती चाबूकच शोभतो, असे तो म्हणाला. पण कर्णाने बापाची ओळख नाकारली नाही. तो दानशूर होता हे सांगण्यापेक्षा, आपल्या गरीब बापाची त्याला भर सभेत लाज वाटली नाही, हे सांगणे अधिक मोलाचे आहे.

हाच कर्ण सभापर्वात ओळखू येत नाही. युधिष्ठिर द्यूतात सर्वस्व हरला आहे. द्रौपदीला फरफटत सभेत आणले आहे. आपल्याला पणाला लावण्यापूर्वीच धर्मराज स्वतःला हरले असतील, तर आपण दासी कशा, या तिच्या प्रश्नावर भीष्म, द्रोण, विदुर असे वडीलधारे असूनही न्यायाचा स्पष्ट निवाडा कोणी देत नाही. अशा वेळी धृतराष्ट्राचा एक तरुण मुलगा उठतो. त्याचे नाव विकर्ण. द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे तो कारणे देऊन ठासून सांगतो. त्याला गप्प करण्यासाठी कोण उठतो? दुर्योधन नव्हे, शकुनीही नव्हे, कर्ण उठतो. विकर्णाला तो पोरकट ठरवतो, द्रौपदीविषयी अत्यंत हीन शब्द काढतो आणि पांडवांची व तिची वस्त्रे काढून घेण्यास दुःशासनाला सांगतो.

कर्णावर प्रेम करणारे वाचक हा प्रसंग घाईघाईने वाचतात. तसे करू नये. येथे विकर्ण कर्णाच्या शेजारी मुद्दाम उभा केला आहे, असे वाटते. तोही दुर्योधनाच्याच पक्षाचा, किंबहुना त्याचा सख्खा भाऊ. पुढे तोही कौरवांकडूनच लढला व भीमाच्या हातून मेला. त्याला मारताना भीमालाही वाईट वाटले. म्हणजे दुर्योधनाची बाजू न सोडताही त्या दिवशी खरे बोलणे शक्य होते. विकर्ण तेथे नसता, तर ‘कर्ण बिचारा काय करणार, तो मित्राच्या उपकारांनी बांधलेला’ असे म्हणता आले असते. विकर्णाने ती पळवाट बंद केली आहे.

मग कर्ण असा का वागला? यावर एक सोपे उत्तर फार प्रचलित आहे. स्वयंवरात कर्ण धनुष्याला बाण लावीत असताना ‘मी सूताला वरणार नाही’ असे द्रौपदी म्हणाली, आणि त्या अपमानाचा त्याने सूड घेतला, असे सांगतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या अनेक प्रांतांतील, अनेक लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहून ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये आरंभलेले हे काम १९६६ मध्ये पुरे झाले. या आवृत्तीच्या मूळ पाठात द्रौपदीचे ते उद्गार नाहीत. नंतरची भर म्हणून ते तळटीपेत गेले आहेत. तेव्हा कर्णाच्या वागण्याचा जो खुलासा इतका सोयीचा वाटत होता, त्याचा पायाच डळमळतो. स्वभावाविषयी अनुमान काढताना ग्रंथाचा आधार किती भक्कम आहे, हे आधी पाहावे लागते ते यासाठीच.

खरा खुलासा कर्णाच्याच तोंडून मिळतो. मात्र त्यासाठी उद्योगपर्वापर्यंत थांबावे लागते. तह करण्याचा प्रयत्न निष्फळ झाल्यावर श्रीकृष्ण परत निघतो व कर्णाला आपल्या रथात घेऊन एकांतात सांगतो, की तू कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहेस. चल, राज्य तुझे आहे, पाचही पांडव तुझ्या चरणांशी येतील. जन्मभर जे कुळ त्याच्यापाशी नव्हते ते आज मिळत होते, आणि वर राज्यही. कर्णाने ते नाकारले. त्याने सांगितले, की मला पाहताच मायेने राधेला पान्हा फुटला, तिनेच माझे मलमूत्र काढले, आणि अधिरथाने माझे संस्कार केले. सारी पृथ्वी किंवा सोन्याच्या राशी मिळाल्या तरी हे नाते मला खोटे करवणार नाही. दुर्योधनाच्या आश्रयाने आपण तेरा वर्षे राज्य भोगले, याचीही आठवण तो देतो. माझे जन्मरहस्य युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, असेही तो विनवतो. कारण ते कळले तर धर्मराज राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन! आपल्या मनाची इतकी पारख असलेला योद्धा विरळाच.

याच भाषणात आणखी एक कबुली आहे. दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना कठोर शब्द बोललो आणि त्या कृत्याने आज आपल्याला ताप होत आहे, असे कर्ण म्हणतो. सभेतील त्याच्या त्या बोलण्यावर स्वतः कर्णाने केलेले हे भाष्य होय. तेथे उपकाराची फेड चालली होती. पण ती दुसऱ्याच्या अब्रूने चालली होती.

त्यानंतर कुंती गंगेच्या काठी त्याला भेटते. कर्णाचा जप पुरा होईपर्यंत ती त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत वाट पाहत उभी राहते. ज्याला तिने कधी सावली दिली नाही, त्याच्या सावलीत ती उभी आहे! कर्ण तिला स्पष्ट सांगतो, की तू माझ्या बाबतीत आईसारखी कधी वागली नाहीस, आजही स्वतःच्या हितासाठी आली आहेस. तरीही तो तिला रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. अर्जुनाखेरीज इतर चौघांना मारणार नाही, तुझे पाच पुत्र कायम राहतील, असे वचन तो देतो. युद्धात युधिष्ठिर, भीम, नकुल व सहदेव त्याच्या तावडीत सापडले तेव्हा त्याने ते पाळले.

आता या सर्व प्रसंगांतून कोणता विषय घडतो ते पाहावे. कर्णाचे युद्ध हा कथेचा प्रसंग झाला. तिचा विषय त्याहून खोल असतो, आणि पुष्कळदा तो प्रश्नाच्या रूपात असतो. उपकार करणाऱ्याला माणसाने किती द्यावे? प्राण द्यावेत, राज्य द्यावे, जन्माचे नातेही द्यावे, येथवर कर्णाचे वागणे पाहून मान लवते. पण न्यायबुद्धीही द्यावी काय? हा प्रश्न महाभारताने कर्णाच्या रूपाने उभा केला आहे. त्याच्यातील गुण आणि दोष निरनिराळ्या डब्यांत ठेवता येत नाहीत, ही त्यातील खरी मेख. ज्या कृतज्ञतेने त्याने श्रीकृष्णाने देऊ केलेले राज्य नाकारले, तीच कृतज्ञता त्याला सभेत त्या नीच शब्दांपर्यंत घेऊन गेली.

कवी बदलला म्हणजे विषयही बदलतो. व्यासांच्या कथेत कर्ण कवचकुंडले देताना सूर्याच्या सल्ल्याप्रमाणे इंद्राकडून अमोघ शक्ती मागून घेतो. भासाच्या नावावर असलेल्या ‘कर्णभार’ या एकांकी नाटकात तो मोबदला मागत नाही. इंद्राने मागाहून पाठवलेली शक्तीही, दानाचा मोबदला नको म्हणून, आधी नाकारतो आणि ब्राह्मणाचा शब्द मोडू नये म्हणून नंतर स्वीकारतो. नाटककाराला दातृत्वाचे दर्शन घडवायचे आहे. मराठीत शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाई यांची ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्यांनी कर्ण घरोघर पोहोचवला. त्या वाचताना वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते, ते यावेच. मात्र तो कर्ण आणि महाभारतातील कर्ण एकच आहेत, असे समजू नये.

शेवटचा प्रसंग कर्णपर्वातील. कर्णाच्या रथाचे चाक भूमीत रुतले आहे. तो खाली उतरून ते उपसू पाहतो आणि अर्जुनाला धर्माची आठवण देऊन क्षणभर थांबण्यास सांगतो. तेव्हा श्रीकृष्ण त्याला विचारतो, की द्रौपदीला सभेत ओढून आणले तेव्हा, फासे नीट टाकता न येणाऱ्या युधिष्ठिराला जिंकले तेव्हा, तुझा हा धर्म कोठे गेला होता? कर्ण या प्रश्नांना उत्तर देत नाही. रंगभूमीवरही तो असाच निरुत्तर झाला होता. तेथील प्रश्न अन्यायाचा होता आणि उत्तर त्याच्या हाती नव्हते. येथील प्रश्न न्यायाचा आहे.

स्वाध्याय

१. अधिरथ रंगभूमीवर आला त्या प्रसंगावरून कर्णाविषयी काय कळते? भीमाविषयी काय कळते?

२. विकर्णाने सभेत सत्य सांगितले, तरी युद्धात तो कौरवांकडूनच लढला. त्याचे हे वागणे तुम्हांला सुसंगत वाटते काय? कारणे द्या.

३. ‘कर्णाने श्रीकृष्णाचे ऐकायला हवे होते.’ या मताच्या बाजूने पाच वाक्ये लिहा. नंतर विरुद्ध बाजूने पाच वाक्ये लिहा.

४. तुम्ही वाचलेल्या एखाद्या कथेतील अशी व्यक्ती निवडा, की जिचा एकच गुण एका प्रसंगी चांगला व दुसऱ्या प्रसंगी वाईट ठरला. ते दोन्ही प्रसंग आपल्या शब्दांत सांगा.