ट्रिगरच्या आधीचं सगळं फुकट आहे

पोरी, एअर रायफलवरून तू आता पॉइंट टू-टूवर (.22) चालली आहेस. पोझिशन, श्वास, ट्रिगर हे तुझे कोच शिकवतीलच. मी सांगतो ते गोळ्यांबद्दल. हे तुझ्या बाबांनाही वाचायला दे, कारण पैसे त्यांच्या खिशातून जाणार आहेत. माझ्या पाहण्यात या खेळातून चांगली पोरं हात थरथरला म्हणून कमी गळाली. गोळ्या परवडल्या नाहीत, किंवा स्पर्धेच्या तोंडावर मिळाल्या नाहीत, म्हणून जास्त गळाली. त्यातली बरीचशी गळती टाळता आली असती.

आधी हिशेब मांड. समजा, एक गोळी तुला 30 रुपयांना पडली. एका सरावात 80 उडवल्यास तर 2400 रुपये झाले. आठवड्याला चार सराव धरले तर महिन्याला 38 हजारांच्या वर जातं, आणि यात रायफल, जॅकेट, रेंजची फी काहीच धरलेलं नाही. आज भाव काय आहे तो घाल आणि हीच आकडेमोड वहीच्या पहिल्या पानावर कर. एकदा हा आकडा डोळ्यांसमोर राहिला की उगाच उडवलेली गोळी आपोआप टोचायला लागते.

गोळी महाग का, तेही समजून घे. आपलं काडतूस रिमफायर. यात ठिणगीचा मसाला मधोमध वेगळ्या टोपीत नसतो. तो बुडाच्या कडेच्या पोकळीत ओला घालतात, काडतूस गरगर फिरवून कडेत पसरवतात आणि वाळवतात. फायरिंग पिन ती कड चेपते तेव्हा बार उडतो. कड चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं, त्यामुळे उडालेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही. हे काम नाजूक आहे आणि मॅचच्या दर्जाची गोळी बनवणारे जगात मोजकेच: इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळची एली, जर्मनीतली आरडब्ल्यूएस, आणि लापुआ-एसके, ज्यांचा रिमफायरचा कारखाना जर्मनीत शोनेबेकला आहे. जगात कुठे मागणी उसळली की या मोजक्या यंत्रांवर ताण येतो आणि नवी यंत्रं एका हंगामात उभी राहत नाहीत. अमेरिकेत डिसेंबर 2012 नंतर बंदुकांचे कायदे कडक होतील या भीतीपोटी लोकांनी गोळ्या साठवायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या दुकानांतून .22 ची काडतुसं गायब झाली आणि दुकानदार माणशी मोजकेच डबे देऊ लागले. 2020 च्या साथीत पुन्हा तेच. आपल्याकडे त्यावर रुपयाचा भाव, आयातीचा परवाना आणि स्फोटक माल न्यायला तयार असलेली वाहतूक, एवढं सगळं चढतं. दुकानदाराशी भांडून यातलं काही बदलत नाही. आपल्या हातात सराव आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं: ट्रिगरच्या आधीचं सगळं फुकट आहे, ते भरपूर कर. गोळी न घालता ड्राय कर, रोज कर, घरी कर. रायफल खांद्याला येण्याची जागा, गालाचा दाब, नैसर्गिक रोख, श्वास कुठे थांबतो, ट्रिगर सुटल्यावर नजर कुठे राहते, यातलं काहीच शिकायला बारूद लागत नाही. गोळी फक्त एवढंच सांगते की तू हे नीट केलंस की नाही. मात्र रिमफायरमध्ये एक काळजी घे. चेंबर रिकामं ठेवून घोडा सोडलास तर पिन जाऊन चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खळगा पडतो. मग खरी गोळी नीट बसत नाही, निघत नाही. काही मॅच रायफलींना ड्रायची वेगळी सोय असते. तुझ्या रायफलीला नसेल तर स्नॅप कॅप, म्हणजे खोटं काडतूस, घाल. आणि ड्राय करताना ज्या खोलीत रायफल आहे त्या खोलीत जिवंत गोळी नको. यात सवलत नाही.

एअर रायफल विकू नकोस. स्वस्त छऱ्यांवर तुझं स्टँडिंग टिकून राहील, आणि दहा मीटरवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने आळस चालत नाही. पन्नास मीटरवर तो 10.4 मिलिमीटरचा असतो. गोळ्या संपलेल्या महिन्यात ज्यांनी एअर आणि ड्राय चालू ठेवलं ती पोरं परत आली तेव्हा गुणांत फारशी मागे नव्हती. जी घरी बसून वाट पाहत राहिली त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागली.

आता गोळ्या वाटायच्या कशा ते ऐक. महागडी गोळी सगळीकडे उडवायची नसते. स्टँडिंगमध्ये तुझं स्वतःचं डोलणं स्वस्त गोळीच्या विखुरण्यापेक्षा मोठं आहे, अजून बरीच वर्षं असेल. तिथे क्लबच्या दर्जाची गोळी पुरते. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, मात्र शरीर शांत असतं आणि गोळीचा दोष लगेच कागदावर दिसतो, तिथे चांगली वापर. स्पर्धेची गोळी वेगळ्या डब्यात, वेगळ्या कप्प्यात ठेव. आताच्या थ्री पोझिशनला 60 गोळ्या, वर साइटर्स, म्हणजे गुणांआधी निशाणा जुळवायच्या गोळ्या, फायनल लागली तर अजून. दोन स्पर्धांचा विचार करून 300 गोळ्या राखीव ठेव आणि सरावात कितीही मोह झाला तरी त्यांना हात लावू नकोस. साइटर्सना संख्येची मर्यादा नसते, वेळेची असते, म्हणून पोरं भीतीपोटी पन्नास-पन्नास उडवतात. तुझी संख्या सरावातच ठरव.

लॉटचं, म्हणजे एका खेपेत बनलेल्या गोळ्यांचं, महत्त्व कुणी आधी सांगत नाही. एकाच कंपनीची, एकाच नावाची गोळी, पण लॉट वेगळा असेल तर तुझ्या बॅरलमधून ती वेगळी जाऊ शकते. डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिही. नवा लॉट आला की रायफल टेकवून दहा-दहाचे चार-पाच ग्रुप काढ, एका बऱ्या ग्रुपवरून निकाल देऊ नकोस. जुळला की मिळतील तेवढ्या त्याच लॉटच्या घे. क्लबमधल्या चौघा-पाचजणांनी मिळून एकच लॉट मागवला तर चाचणीच्या गोळ्याही वाचतात, पण प्रत्येकाने आपापल्या लायसन्सवर. मैत्रिणीला उसने राऊंड देणं हा कायद्याने गुन्हा आहे, मग ती कितीही जवळची असो. आणि सतत ब्रँड बदलू नकोस. प्रत्येक गोळीवरचं ग्रीस वेगळं असतं, बॅरल त्याला रुळेपर्यंत पहिल्या दहा-पंधरा गोळ्या वायाच जातात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात दमटपणाने चांगल्या गोळ्या खराब होतात. मूळ डब्यातच ठेव, डबा हवाबंद पेटीत, सोबत सिलिका जेल, पेटी कुलपात. रायफलीचं तेल त्या कपाटात नको, तेल झिरपून मसाला निकामी करतं. बंद गाडीत उन्हात ठेवू नकोस, वरचं मेण पातळ होतं. गोळी उडाली नाही तर रायफल टार्गेटच्या दिशेलाच ठेवून अर्धा मिनिट थांब, रेंज ऑफिसरला सांग, मग बोल्ट उघड. अशा गोळ्या किती निघाल्या ते लॉट नंबरासमोर लिही. कधीतरी तीच नोंद विक्रेत्यासमोर ठेवता येते.

रेंजवरून निघताना जॅकेटचे खिसे, किट बॅगचे कोपरे, पँटची घडी, सगळं उलटं करून झटक. विमानतळावर बॅगेत एक सुटी जिवंत गोळी निघाली की स्पर्धा तिथेच संपते आणि पोलीस ठाणं सुरू होतं. घोषित करून नेतानाही गोळ्या चेक-इनच्या सामानातच जातात, आणि माणशी वजनाची मर्यादा साधारण 5 किलो धरतात. पन्नासच्या डब्याचं वजन घरीच करून ठेव.

कागदपत्रांत आळस करू नकोस. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने खेळाडूंच्या काडतुसांची मर्यादा वाढवली. मर्यादा वाढली म्हणजे माल आला असं मात्र नाही. लायसन्सचं नूतनीकरण, संघटनेचं पत्र, मागणी, हे सगळं हातातला साठा अर्धा असतानाच सुरू कर. संपल्यावर धावणाऱ्याला मिळेल तो लॉट मिळेल त्या भावाने घ्यावा लागतो.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकच्या थ्री पोझिशन फायनलमध्ये 44 गोळ्यांत 451.4 करून कांस्य घेऊन आला, म्हणजे गोळीमागे 10.26 च्या आसपास. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला याच पन्नास मीटरच्या प्रोनमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतचं आशियाई सुवर्णही .22 च्याच पिस्तुलावरचं. एका कोल्हापूर जिल्ह्याने हे दिलं, आणि त्यांच्या सरावाची चांगली गोळी अजूनही परदेशातून येते. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून उभा आहे, वरणगावला दुसरा आहे. मॅचच्या दर्जाची .22 या राज्यात बनवायचं कुणीतरी मनावर घ्यावं, आणि तोवर संघटनांनी आयातीचा माल कधी येणार याचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला क्लबांना कळवावं. तुमच्या क्लबच्या पुढच्या सभेत बाबांना ही मागणी लेखी द्यायला सांग.