क्षुल्लक कारण आणि क्षुल्लक महाराज

प्रश्न : ‘क्षुल्लक कारणावरून मारहाण’ अशी बातमी पेपरात नेहमी येते. परवा आमच्या गल्लीत जैन समाजाच्या कार्यक्रमाचा फलक लागला, त्यावर एका महाराजांच्या नावाआधी ‘क्षुल्लक’ असं मोठ्या मानानं छापलं होतं. हा शब्द एकच की दोन? – एक वाचक, सांगली

उत्तर : एकच. त्यात मुळात कमीपणा नव्हता, नुसता लहानपणा होता. संस्कृतात ‘क्षुद्’ म्हणजे कुटणं, चुरा करणं. त्यावरून ‘क्षुद्र’, म्हणजे बारीक. लोकांच्या तोंडी ‘द्र’चा ‘ल्ल’ झाला आणि ‘क्षुल्लक’ घडला. शब्द जुनाच. अथर्ववेदात कृमींचा नाश करणारं एक सूक्त आहे, त्यात बारक्या किड्यांना हाच शब्द लावलाय! पालीत त्याचं ‘चुल्ल’ झालं. बौद्धांच्या विनयपिटकात थोरला भाग तो ‘महावग्ग’, धाकटा तो ‘चुल्लवग्ग’. पण धाकट्याला कुणी फालतू म्हणत नाही.

दिगंबर जैनांकडेही हेच धाकटेपण. श्रावकाच्या 11 प्रतिमा, म्हणजे पायऱ्या, असतात. अकराव्या पायरीवर क्षुल्लक आणि ऐलक, त्यांच्यापुढे थेट निर्वस्त्र मुनी. ऐलकांकडे फक्त लंगोट. क्षुल्लकांकडे लंगोट आणि अंगाला धड न पुरणारं एक खंडवस्त्र. हाती मोरपिसांची पिंछी नि कमंडलू, आहार दिवसातून एकदा. मुनींपुढे धाकटे म्हणून क्षुल्लक, एवढाच अर्थ. तुमच्या भागात घरोघरी ज्यांची तसबीर दिसते ते आचार्य शांतिसागर मुनी होण्याआधी क्षुल्लकच होते. ‘जैनेंद्र सिद्धान्त कोशा’चं अवाढव्य काम करणारे जिनेंद्र वर्णीही क्षुल्लक. ते काम मात्र कुठल्याच अर्थानं क्षुल्लक नव्हे.

आपण रोजच्या मराठीत लहान म्हणजे हलकं असं धरून चाललो. बातमीतला ‘क्षुल्लक’ तर मला खटकतोच. टपरीवरच्या उधारीवरून ज्याचं डोकं फुटलं, त्याला कारण क्षुल्लक वाटलं का, हे बातमीदारानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

जाता जाता दोन गोष्टी. ‘शुल्लक’ लिहू नका. शुल्काशी या शब्दाचं काही नातं नाही. आणि त्या कार्यक्रमाला गेलात, तर मुनींना ‘नमोस्तु’ म्हणायचं, क्षुल्लक महाराजांना ‘इच्छामि’.