चार घरांत मिळून कचऱ्याचा एकच डबा चालेल का?

प्रश्न : आम्ही परभणीत वसमत रोडच्या बाजूला राहतो. आमची ओळ चार घरांची. घंटागाडी सकाळी येते, पण तिची वेळ मागंपुढं होते. दोन घरी नवरा-बायको दोघंही नोकरीला, एका घरी वयस्कर काका-काकू आणि चौथं घर आमचं. रोज कुणाची ना कुणाची गाडी चुकते, मग कॅरीबॅगला गाठ मारून ती कोपऱ्यावर नेऊन टाकली जाते. शेजारच्या वहिनी म्हणतात, चौघांत मिळून एक मोठा ड्रम घेऊ आणि आळीपाळीनं गाडीत रिकामा करू. काकांचं म्हणणं, सामायिक डबा म्हणजे घरबसल्या भांडण. नियमात हे बसतं का? दुसरीकडं कुठं लोक असं करतात का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : करतात, आणि नियमही आड येत नाही. पण वहिनींचंही बरोबर आहे आणि काकांचंही. ड्रममध्ये काय जाणार यावर सगळं ठरतं, म्हणून आधी तेवढंच नीट पाहू.

घनकचरा व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम ८ एप्रिल २०१६ रोजी आले. कचरा ज्याच्या घरात तयार होतो त्यानंच तो वेगळा करून द्यायचा, ही जबाबदारी त्यांनी घरावर टाकली. तेव्हा भाग तीन होते : ओला, सुका आणि घरातला घातक कचरा. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत ते चार झाले आणि सॅनिटरी पॅड, डायपर यांना स्वतःची जागा मिळाली. प्रत्येक घराचा डबा स्वतंत्रच हवा, असा या नियमांचा आग्रह नाही. आग्रह आहे तो कचरा वेगळा करण्याचा, आणि रस्त्यावर, नालीत किंवा मोकळ्या प्लॉटवर न टाकण्याचा. म्हणजे ड्रम सामायिक झाला तरी जबाबदारी चार घरांची चार वेगळीच राहते. एका घरानं डाळीचं उरलेलं पाणी पुठ्ठ्यांवर ओतलं की चौघांचाही सुका कचरा वाया गेला.

माझं मत स्पष्ट सांगते : सुका कचरा एकत्र करा, ओला ज्याचा त्यानं ठेवा.

परभणीचा एप्रिल-मे आठवा. पारा ४३-४४ वर गेला की चहाचा चोथा, कांद्याची टरफलं, टरबुजाच्या साली आणि कोथिंबिरीच्या काड्या दुपारपर्यंत पाणी सोडतात. ते काळपट पाणी डब्याच्या तळाशी साचतं आणि वास मारतो तो त्याचाच. घरमाशीनं अंडी घातली तर एवढ्या उन्हात दिवसाभरात अळ्या निघतात आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी उडते. घरचा छोटा डबा आपण नाक मुरडत का होईना, रोज विसळतो. चौघांचा ड्रम कुणी विसळायचा? त्यातून नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येणार, साठवलेल्या टाकीतलं पाणी शेजाऱ्याच्या घाणीवर कोण घालणार? काकांना जे भांडण दिसतंय ते इथं सुरू होतं, आणि ते खरं आहे.

सुक्या कचऱ्याचं तसं नाही. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, डबे, कागद आठ दिवस ठेवले तरी कुजत नाहीत. दुधाची पिशवी आणि श्रीखंडाचा डबा तेवढा धुऊन टाकायचा. गाडी एक दिवस चुकली तर बिघडत नाही. शिवाय चार घरांचा पुठ्ठा आणि प्लॅस्टिक एका ठिकाणी साठलं की भंगारवाला दारात थांबतो. एकट्या घरच्या मूठभर मालासाठी तो थांबत नाही.

आकाराचा अंदाजही काढून ठेवा. लहान शहरांत माणशी रोज साधारण ३०० ते ४०० ग्रॅम कचरा धरतात. तुमच्या चार घरांत पंधराएक माणसं असतील तर सगळा मिळून पाच-सहा किलो, आणि त्यातला निम्मा किंवा थोडा जास्तच ओला. पाच माणसांच्या घराला ओल्यासाठी १०-१२ लिटरचा झाकणाचा डबा पुरतो. सामायिक सुक्यासाठी ८०-१०० लिटरचा ड्रम घ्या. सुका कचरा वजनाला हलका, पण जागा फार खातो.

आता परदेशाचं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण अभिमानानं म्हणतो. शेजाऱ्यांच्या सामायिक डब्याचं सर्वांत व्यवस्थित उदाहरण नेमकं त्याच देशात आहे. तिथल्या पुष्कळ नगरपालिकांत शेजारी-शेजारी रीतसर अर्ज करतात की आम्ही दोन-तीन घरं मिळून एक डबा वापरू. बिल कुणाच्या नावावर येणार तेही अर्जात लिहिलेलं असतं. तिथं हे लोकप्रिय आहे, कारण कचऱ्याचं शुल्क बहुतेक ठिकाणी डब्याच्या आकारावर आणि तो किती वेळा उचलला जातो त्यावर ठरतं. डबा वाटून घेतला की पैसे वाचतात. आपल्याकडं शुल्क घरटी लागतं, त्यामुळं ड्रम सामायिक केल्यानं बिल कमी होईल ही आशा ठेवू नका. तुमचा फायदा वेगळा आहे. सुक्या कचऱ्यासाठी गाडीमागं पळणं रोज प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

मला जास्त शिकण्यासारखं वाटतं ते जपानचं. तिथं बऱ्याच वस्त्यांत दारात गाडी येतच नाही. दहा-वीस घरांची एक ठरलेली जागा असते. कोणत्या वारी कोणता कचरा तिथं ठेवायचा हेही ठरलेलं. कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून वर जाळी टाकतात आणि गाडी गेल्यावर ती जागा झाडण्याची पाळी घराघरांत फिरते. जाळी आणि पाळी, एवढ्यावर ते चाललंय. आपल्याकडं कावळ्यांच्या जागी कुत्री, डुकरं आणि मोकाट गाई आहेत. गाठ मारलेल्या कॅरीबॅगेत शिळी भाकरी असली की गाय ती पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक तिच्या पोटात साठत जातं आणि ते आपोआप बाहेर पडत नाही. कोपऱ्यावर जाणारी तुमची ती कॅरीबॅग आजपासून बंद करा, हे मी विनवून सांगते. शिळी भाकरी, भाजीचे देठ, साली गुरांना घालायच्या असतील तर पिशवी सोडवून, मोकळ्या घाला.

ड्रमची जागा हा दुसरा कळीचा मुद्दा. तो रस्त्यावर किंवा नालीच्या कडेला ठेवलात तर महिनाभरात ती सगळ्या गल्लीची कचराकुंडी होईल. येता-जाता माणूस स्कूटरवरून पिशवी फेकेल आणि बोल तुम्हाला लागेल. कचराकुंड्या हटवून दारोदार गाडी फिरवण्याकडं शहरं वळली, त्यामागं हाच अनुभव होता. तेव्हा ड्रम कुणाच्या तरी कंपाउंडच्या आत, झाकणासकट, सावलीत असावा. ज्याच्या आवारात तो राहील त्याला धुण्याच्या पाळीतून सूट द्या. काका-काकूंनाही पाळीतून वगळा. गाडी आली की आवाज देण्याचं काम ते आनंदानं करतील.

तीन गोष्टी मात्र या ड्रममध्ये कधीही जाऊ नयेत. पहिली, सॅनिटरी पॅड आणि डायपर. ते कागदात गुंडाळून वेगळे, ज्याच्या त्याच्या घरून गाडीत. दुसरी, फुटकी काच, ब्लेड, इंजेक्शनच्या सुया, जुन्या गोळ्या, सेल. एका घरी मधुमेहाचे रुग्ण असतील तर सुयांसाठी झाकणाची जाड बरणी वेगळी ठेवावी. ड्रम उपसणारा हात सफाई कामगाराचा असतो, आणि बऱ्याचदा त्यावर मोजा नसतो. तिसरी, काडी. पालापाचोळा साठला की तो ड्रममध्येच पेटवायची आपल्याकडं वाईट सवय आहे. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये दिलेला आहे. दंड बाजूला ठेवला तरी पेटलेल्या प्लॅस्टिकचा धूर आधी काकांच्याच खिडकीत जाणार.

ओला कचरा एकत्र करायची हौस असेलच तर एकच वाट चांगली : खत. चौघांपैकी कुणाच्या मागं थोडी मोकळी जागा असेल तर दोन खड्डे किंवा बुडाला भोकं पाडलेले दोन जुने ड्रम घ्या. एक भरत राहील तेव्हा दुसऱ्यातला कुजेल. प्रत्येक थरावर वाळका पाला किंवा माती टाकायची, म्हणजे पाणी शोषलं जातं आणि वास येत नाही. दोन-तीन महिन्यांत खत होतं. शिजवलेलं अन्न, तेलकट रस्सा, मटणाची हाडं त्यात घालू नका, नाहीतर घुशी येतील.

ड्रम आणण्याआधी एका संध्याकाळी चारही घरं एकत्र बसा आणि कोणत्या वारी कोण, हे कागदावर लिहून ड्रमच्या वरच्या भिंतीला लावा. गाडीवरच्या भाऊंनाही बोलावून विचारा, एवढा ड्रम उचलायला त्यांना जमेल का. नसेल जमत तर एकाऐवजी दोन लहान घ्या.