माशी एक, नावे दोन

२००२ साली महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला. हा मावा खाणारी एक सिरफिड माशी आहे. काही पुस्तिकांत तिला ‘मेटासिरफस कॉन्फ्रेटर’ म्हणतात, काहींत ‘युपिओडिस कॉन्फ्रेटर’. घोटाळा करून घेऊ नका, माशी एकच! युपिओडिस हा गट १८७७ सालचा, मेटासिरफस १९१७ चा. पुढे शास्त्रज्ञांनी दोन्ही गट एक केले आणि नियमाप्रमाणे आधीचे नाव कायम राहिले.

नाव विसरलात तरी चालेल, ओळख विसरू नका. मधमाशीला पंख चार, हिला दोनच. अळीला पाय नसतात. ती पानामागे माव्यातच सरपटते. तिला कीड समजून फवारा मारलात, तर राखणदारच मारलात म्हणायचे.