संगणकाची सफाई आणि कुकींचे बिल्ले

मोठ्या देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. यात्रेच्या दिवशी त्याच्यापुढून हजारो माणसे जातात. प्रत्येकाचा चेहरा लक्षात ठेवणे त्याला शक्य नसते. मग तो काय करतो? तुमच्या चपला एका खणात ठेवतो आणि त्या खणाचा क्रमांक असलेला पत्र्याचा बिल्ला तुमच्या हाती देतो. परत येऊन बिल्ला दाखवला, की चपला मिळतात. तुम्ही कोण, कोठले, हे तो विचारत नाही.

इंटरनेटवरही असेच बिल्ले दिले जातात. त्यांना 'कुकी' म्हणतात. संगणकाची साफसफाई करताना हे बिल्ले पुष्कळदा कचऱ्याबरोबर फेकले जातात आणि मग पंचाईत होते. ती कशी टाळावी, हे आज आपण पाहू.

विसराळू सर्व्हर

ब्राउझरमध्ये तुम्ही एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिता, तेव्हा तुमचा संगणक त्या संकेतस्थळाच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, मागणी पाठवतो. सर्व्हर पान पाठवतो आणि व्यवहार तेथेच संपतो. पुढची मागणी आली, की ती कोणाकडून आली हे त्याला आठवत नाही. ही देवघेव ज्या नियमांनी चालते त्यांना एचटीटीपी म्हणतात. विसरणे हे त्या नियमांच्या रचनेतच आहे. त्यामुळे सर्व्हरचे काम सोपे होते, पण एका पानावर नाव आणि पासवर्ड दिला, तरी दुसऱ्या पानावर तो पुन्हा विचारणार, "आपण कोण?"

१९९४ मध्ये नेटस्केप या अमेरिकन कंपनीतील लू मोंटुली या तरुण अभियंत्याने यावर उपाय शोधला. सर्व्हरने पानासोबत मजकुराची एक छोटी चिठ्ठी द्यावी, ब्राउझरने ती जपून ठेवावी आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना ती दाखवावी. हीच कुकी. तिच्यात बहुधा अर्थहीन वाटणारी अक्षरे आणि अंक असतात. तुमची खरी माहिती सर्व्हरकडेच राहते, जशा चपला खणात राहतात.

पुसल्याने किती जागा वाचते?

सफाईची सॉफ्टवेअर चालवताना 'जागा मोकळी होईल' असे आपल्याला वाटते. जरा हिशेब करू. २०११ च्या प्रमाणित नियमांनुसार ब्राउझरने एका कुकीसाठी निदान ४,०९६ बाइट जागा द्यावी आणि एकूण निदान ३,००० कुकी ठेवता याव्यात, अशी अपेक्षा आहे. या सर्व कुकी काठोकाठ भरल्या असे धरले, तरी

४,०९६ × ३,००० = १,२२,८८,००० बाइट

म्हणजे सुमारे १२ मेगाबाइट! मोबाइलवर काढलेल्या चारपाच छायाचित्रांना एवढी जागा सहज लागते. प्रत्यक्षात बहुतेक कुकी याहून कितीतरी लहान असतात. तेव्हा जागेसाठी कुकी पुसण्यात अर्थ नाही. जागा अडवतात त्या पानांच्या आणि चित्रांच्या साठवलेल्या प्रती, ज्यांना 'कॅशे' म्हणतात.

मग कुकी पुसायच्याच कशाला? कारण दुसरे आहे. एकच जाहिरात कंपनी अनेक संकेतस्थळांवर आपली जाहिरात लावते आणि तेथून स्वतःचा बिल्ला देते. तुम्ही जेथे जाल तेथे तोच बिल्ला दिसला, की तुम्ही काय काय पाहता याची नोंद तिच्याकडे होते. अशा परक्या कुकी सफारी हा ब्राउझर २०२० पासून मुळातच अडवतो. पण सगळे ब्राउझर तसे करत नाहीत. हे नको असलेले बिल्ले काढणे योग्यच आहे.

हवे तेही गेले तर?

समजा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा आज शेवटचा दिवस आहे. घरच्या संगणकावर तुमचे ईमेल नेहमी उघडेच असते. काल दादाने सफाई केली आणि सगळ्या कुकी गेल्या. आज ईमेल पासवर्ड विचारते. तो कसाबसा आठवतो. मग ते म्हणते, "हा संगणक ओळखीचा नाही, मोबाइलवर पाठवलेला अंक सांगा." तो मोबाइल क्रमांक वडिलांच्या जुन्या सिमचा, आणि ते सिम केव्हाच बंद झालेले!

येथे तुमचा एकही निरोप पुसला गेलेला नाही. चपला खणातच आहेत, हरवला आहे तो फक्त बिल्ला. पण बिल्ल्याशिवाय त्या आपल्याच आहेत हे पटवायचे कसे?

हव्या त्या राखण्याची रीत

फायरफॉक्समध्ये सगळ्या कुकी एकाच फाइलमध्ये, वहीतल्या ओळींसारख्या, लिहिलेल्या असतात. ती फाइलच पुसली तर हव्या-नको सगळ्या जातात. चांगले सफाई सॉफ्टवेअर वही उघडून नेमक्या ओळी खोडते. त्या आधी ब्राउझर बंद करावा, कारण तोही त्याच वहीत लिहीत असतो.

कोणत्या ओळी ठेवायच्या हे मात्र तुम्हीच सांगायचे. सीक्लीनर या सॉफ्टवेअरच्या 'ऑप्शन्स' विभागात 'कुकीज' ही जागा आहे. तेथे एका बाजूला संगणकावरील कुकींची यादी आणि दुसऱ्या बाजूला 'ठेवायच्या' कुकींची यादी दिसते. हवे ते नाव निवडून बाणाने पलीकडे न्यायचे. हे सफाईच्या आधी करायचे, नंतर नव्हे!

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

१. यादी संकेतस्थळाच्या नावाने असते आणि प्रवेशाची कुकी कधी कधी दुसऱ्याच नावाची असते. उदाहरणार्थ, जीमेलसाठी 'मेल.गूगल.कॉम' एवढेच राखून भागत नाही, 'गूगल.कॉम' आणि 'अकाउंट्स.गूगल.कॉम' हीही नावे राखावी लागतात.

२. एका सफाईवाल्याची यादी दुसऱ्याला ठाऊक नसते. सीक्लीनरमध्ये नावे राखलीत आणि ब्राउझरला 'बंद होताना सर्व कुकी पुसा' असे सांगून ठेवले असेल, तर ब्राउझर त्या पुसणारच. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अपवादांची वेगळी यादी असते, तीही भरा.

३. राखलेली कुकी अमर नसते. तिच्यावर मुदत लिहिलेली असते. क्रोम ब्राउझर २०२२ पासून ४०० दिवसांपेक्षा जास्त मुदत मान्य करत नाही. म्हणून पासवर्ड वहीत नीट लिहून कुलपात ठेवावा आणि खात्यातील मोबाइल क्रमांक चालू असल्याची खात्री करावी.

बिल्ला कोणाच्या हाती?

चपला सांभाळणारा बिल्ला पाहतो, माणूस पाहत नाही. तुमचा बिल्ला दुसऱ्याला सापडला, तर चपला तोच नेईल. कुकीचेही तसेच आहे. म्हणून घरच्या संगणकावर ज्या कुकी 'हव्या', त्याच शाळेच्या किंवा सायबर कॅफेच्या संगणकावर धोक्याच्या! तेथे काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडा आणि एकही कुकी मागे ठेवू नका.

करून पहा

ज्या संकेतस्थळावर तुम्ही नेहमी प्रवेश केलेला असतो, ते ब्राउझरच्या 'खाजगी' खिडकीत उघडा. ही खिडकी रिकाम्या खिशाने सुरू होते, म्हणजे तिच्याजवळ जुनी एकही कुकी नसते. संकेतस्थळ तुम्हाला ओळखते का? आता ती बंद करून नेहमीच्या खिडकीत पहा. सफाईत सगळ्या कुकी गेल्या तर काय होईल, हे तुम्हाला काहीही न पुसता कळेल. ज्या संकेतस्थळांनी ओळख न दिल्यामुळे तुमचे काम अडेल, त्यांची नावे कागदावर लिहा. तीच तुमची 'ठेवायची' यादी!