एका शब्दाची झडती

मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात योहान लोकांस पश्चात्ताप करावयास सांगतो. पश्चिम युरोपात हे वचन शेकडो वर्षे लॅटिन भाषेतून वाचीत, आणि तेथील शब्दाचा अर्थ प्रायश्चित्त करणे असा घेत. पुढे त्या प्रायश्चित्ताच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे पैसे घेऊन दिली जाऊ लागली.

लोरेंझो वाल्ला नामक इटालियन पंडिताने लॅटिन भाषांतर ग्रीक प्रतींशी ताडून पाहिले होते. त्याची टिपणे १५०४ साली इरास्मसाच्या हाती लागली, व १५१६ साली इरास्मसाने बाझेल येथे ग्रीक नवा करार छापविला. मूळ शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे मनाचा पालट. हुद्दा केवढाही असो, मूळ प्रतीपुढे त्याला उत्तर देणे भाग पडले. (इरास्मसाने रोमची मंडळी सोडिली नाही, त्याला आपल्या पंथाचा म्हणू नये.)

१५१७ सालच्या लूथरच्या ९५ सिद्धांतांतील पहिलाच पश्चात्तापाविषयी आहे. ग्रीक जाणणाऱ्यांकडून आपणास या शब्दाचा अर्थ उमगला, असे त्याने पुढल्याच वर्षी आपल्या वडील गुरूंस कळविले. १५२२ साली त्याने नवा करार जर्मन भाषेत आणिला. १५२४ साली त्याने नगरांच्या कारभाऱ्यांस मुलांमुलींकरिता शाळा काढण्याविषयी लिहिले. कारण शास्त्र घरी आले तरी ज्यास अक्षर येत नाही, त्याने पुन्हा दुसऱ्याच्याच तोंडाकडे पाहावयाचे.